चिंगीच्या काकांना

काका, नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही ‘आधी चहा टाक’ म्हणून विषय मोडता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. रागावलात तरी चालेल.

आमच्या कुत्रीच्या, चिंगीच्या गर्भाशयात पू झाला होता. ८ वर्षांची झाली तरी आम्ही तिची नसबंदी केली नव्हती. ‘गावठी आहे, तिला काय होतंय’ हा भरवसा. हीट, म्हणजे माज, येऊन गेल्यावर महिनाभरानं ती पाण्याचं भांडंच्या भांडं रिकामं करायला लागली, तेव्हा आम्ही उन्हाळ्यावर खापर फोडलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून त्याच संध्याकाळी गर्भाशय काढलं आणि दोन दिवस सलाईनला आणायच्या अटीवर रात्री घरी सोडलं. त्यांनी दिलेल्या कागदावर सगळं नीट लिहिलेलं होतं. फक्त रात्री अडीच वाजता कुत्रं कण्हायला लागलं की काय करायचं, ते कागदाला विचारता येत नाही.

तुम्हाला विचारता आलं. सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून उभी हयात गेलेली, अडलेल्या गाई-म्हशी सोडवलेला माणूस; आमच्या एका कुत्रीसाठी लुंगीवर दोन जिने उतरून आलात. ती थरथरत होती. आई म्हणाली, दुखत असेल, अर्धी पॅरासिटामॉल देऊ का? तुम्ही दारातूनच ओरडलात, ‘माणसाची गोळी अजिबात नाही!’ त्या गोळीनं कुत्र्याचं यकृत जाऊ शकतं आणि आयब्युप्रोफेन तर पोट आणि किडनी दोन्ही खातं, हे आम्हाला त्या रात्री कळलं. भुलीनं अंग गार पडलं होतं, बस. जुनी गोधडी पांघरल्यावर अर्ध्या तासात थरथर थांबली.

पहाटे थर्मामीटरवर १०१.८ बघून मी पुन्हा फोन केला, ताप चढलाय म्हणून. ‘पोरी, तिचं अंगच तेवढं गरम असतं. १०३ च्या वर गेला तर उठव.’ मग आल्यावर हिरडी बघायला शिकवलीत. आधी माझीच, आरशासमोर! अंगठ्यानं दाबायची, पांढरी पडते, सोडली की दोन सेकंदांत गुलाबी झाली पाहिजे. चिंगीची झाली. मी त्या दिवसात ती पन्नास वेळा तरी दाबली असेल.

खाण्याचं मात्र विसरणार नाही. ती तोंड लावेना आणि आई वाटी घेऊन मागे मागे. तुम्ही म्हणालात, उकडलेलं चिकन कोमट करून द्या, वासावर खाईल. गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात अंडं न शिवलेले तुम्ही. तोंड दुसरीकडे वळवून वाटीत बोट बुडवून बघितलंत, फार गरम तर नाही ना. चार तुकडे खाल्लेन तिनं. तुम्ही सरळ मोरीत जाऊन हात धुतलेत, दोनदा.

आणि चौथी रात्र. जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात घातलेला तो कोन, आईच्या भाषेत भोंगा, दाराला आपटत होता, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की मी काढला. जरा वेळ, म्हटलं. माझा डोळा लागला. जाग आली ती चाटण्याच्या आवाजानं. दोन टाके तोडून झाले होते आणि जखमेचं तोंड उघडलं होतं. ११ वाजता तुम्ही टॉर्च घेऊन आलात. आतला थर शाबूत होता, वरची कातडी तेवढी सुटली होती. स्वच्छ गॉज बांधून भोंगा परत चढवलात आणि सकाळी सात वाजता स्वतः रिक्षात बसून दवाखान्यात आलात. ओरडला नाहीत. एवढंच म्हणालात, ‘बघवत तुला नव्हतं, तिला नाही. ती दोन दिवसांत सवय करून घेते. तुझी माया तिला नडतेय.’

काका, ते लागलं. घरातल्या गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथरणं, दिवाणावर उडी मारू नये म्हणून त्यावर खुर्च्या उलट्या मांडणं, हे सगळं मी केलं, पण खरं शिकले ते त्या वाक्यानं. त्यानंतर ती कितीही केविलवाणी बघू दे, भोंगा फक्त जेवताना निघाला, तोही मी समोर बसून.

चौदाव्या दिवशी टाके निघाले. आता पोटावरचे केसही भरून आलेत. तुम्ही पैसे घेतले नाहीत, घेणारही नाही, म्हणून आईनं भाजणी दळून ठेवली आहे. ती नाकारू नका.

एकच वाईट वाटतं. जिन्यात तुमची चप्पल वाजली की चिंगी शेपूट आत घालून दिवाणाखाली जाते. थर्मामीटर कुठून लावायचा ते आम्हाला तुम्हीच शिकवलंत, आणि ते ती काही विसरलेली नाही.

तुमची,
खालच्या मजल्यावरची