आकल पाहिले, आता गिल्बर्ट हिल पाहा

दिवाळीच्या सुटीत जैसलमेरहून बाडमेरच्या रस्त्याला लागलो आणि वाटेत आकलला थांबलो. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची झाडे तिथे दगड होऊन पडली आहेत. लोखंडी जाळीतून वाकून पाहिले, तर लाकडाच्या रेघा अजून शाबूत! मुले हरखलीच.

परतल्यावर त्यांना अंधेरीची गिल्बर्ट हिल दाखवायला नेले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे सुमारे २०० फुटी उभे, काळे खांब. रिक्षावाल्याला 'गावदेवीचे देऊळ' म्हटल्यावरच ठिकाण कळले. (चूक त्याची नाही, मीही पार्ल्यात राहून चाळिशीनंतर पाहतोय.) पायथ्याशी इमारती इतक्या खेटून, की मान वाकडी करावी लागते. एका फटीत गुटख्याच्या पुड्या. महापालिकेने निदान एक मराठी माहितीफलक आणि कचरापेटी लावावी.

– एक वाचक, विलेपार्ले