क्रिएटिनिन नॉर्मल, मूत्रपिंडे मात्र थकलेली : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री, गोवा सरकार यांस,
सादर नमस्कार.

सीओपीडीचा (श्वासनलिका आकुंचित करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा) रुग्ण धाप लागली म्हणून इस्पितळात येतो, नेब्युलायझर घेतो, पंप घेऊन घरी जातो. त्याच्या मूत्रपिंडांकडे बहुधा लक्ष जात नाही. गेले तरी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात त्या टाकाऊ पदार्थाचा, आकडा फसवतो. हे पत्र मुख्यतः त्या आकड्याविषयी आहे.

क्रिएटिनिन तयार होते स्नायूंत. आजार जुना झाला की रुग्ण खंगतो, दंड-मांड्या सुकतात, क्रिएटिनिन कमी बनते. त्यामुळे मूत्रपिंडे मंदावली तरी रक्तातली पातळी फारशी चढत नाही. ७० वर्षांच्या बाईचे क्रिएटिनिन १.१ आले, तर बऱ्याच अहवालांत ते नॉर्मलच धरले जाते. वय आणि लिंग धरून ईजीएफआर (मूत्रपिंडांच्या रक्त गाळण्याच्या वेगाचा अंदाज) काढला, तर तो ५४च्या आसपास येतो. तीन महिने ६०च्या खाली राहिला, तर तो जुनाट मूत्रपिंडविकार. आणि बाई खंगलेली असेल, तर खरी क्षमता ५४हूनही कमी असणार.

विडी-सिगारेट आणि चुलीचा धूर हे फुप्फुसांचे शत्रू; त्यांतली विडी मूत्रपिंडांनाही सोडत नाही. पण नाते तेवढ्यावर थांबत नाही. रक्तात ऑक्सिजन घटला आणि कार्बन डायऑक्साइड वाढला की मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आकसतात, अंगात मीठ-पाणी साठते. हृदयाची उजवी बाजू थकली की शिरांतला दाब वाढून मूत्रपिंडांत रक्त तुंबते. दुसरीकडे, साठलेल्या कार्बन डायऑक्साइडचे आम्ल सांभाळायला बायकार्बोनेट (आम्ल शमवणारा क्षार) राखून ठेवतात ती मूत्रपिंडेच. ती दुबळी असली की धापेच्या झटक्यात रुग्ण झपाट्याने ढासळतो. जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड आणखी साठू शकतो, म्हणून अशांना रक्तातली ऑक्सिजनची पातळी ८८ ते ९२ टक्के राहील इतक्याच बेताने ऑक्सिजन द्यायला हवा.

आमची पहिली मागणी जवळजवळ बिनखर्चाची आहे : सरकारी प्रयोगशाळांच्या प्रत्येक अहवालावर क्रिएटिनिनशेजारी ईजीएफआर आपोआप छापला जावा. त्यासोबत सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णाच्या सकाळच्या पहिल्या लघवीतले अल्ब्युमिन (मूत्रपिंडे बिघडली की लघवीत गळणारे प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण वर्षातून एकदा तपासावे. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर आले, तर तीन महिन्यांनी पुन्हा. ताप किंवा लघवीचा संसर्ग असताना नमुना घेऊ नये, आकडा उगाच वाढतो. खंगलेल्यांसाठी गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात) सिस्टॅटिन-सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्ततपासणी मिळावी. मात्र तोंडावाटे स्टिरॉइड चालू असताना ती करू नये, कारण स्टिरॉइडनेही ती पातळी चढते.

औषधांचा प्रश्न अधिक तातडीचा वाटतो. खोकून बरगड्या दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, संसर्ग म्हणून अमिकासिन हे प्रतिजैविक, पाय सुजले म्हणून लघवीच्या गोळ्या; हे तिन्ही एकाच आठवड्यात दिले, तर आधीच थकलेली मूत्रपिंडे अचानक बंद पडू शकतात. प्राथमिक आरोग्य केंद्रांना लेखी सूचना जावी : ईजीएफआर पाहिल्याशिवाय अमिकासिन नको, आणि दुखण्यावर आधी पॅरासिटामॉल.

डायलिसिसवरच्या रुग्णांची धाप नेहमी पाण्याचीच असते असे नाही. त्यांची स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी) डायलिसिसनंतर, जादा पाणी निघून वजन उतरल्यावर करावी. आधी केली तर फुप्फुसांत साठलेल्या पाण्यामुळे निकाल चुकतो.

सुरुवात दक्षिण गोव्यातल्या काणकोणपासून व्हावी. तिथल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. त्याच रुग्णांना स्पायरोमेट्रीसाठी बांबोळी गाठावी लागू नये, म्हणून एक यंत्र आणि ते चालवायला शिकलेला एक तंत्रज्ञ काणकोणच्या आरोग्य केंद्रातच द्यावा.

आपले,
श्वसन व मूत्रपिंड विकारांच्या रुग्णांवर उपचार करणारे गोमंतकीय डॉक्टर आणि परिचारिका