आंबा घाटाच्या अलीकडे भेटलेल्या माणसांचे आभार

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून रत्नागिरीला घरी निघालो होतो. सोबत होस्टेलवरचा, नागालँडमधल्या दिमापूरचा मित्र. जाऊन-येऊनच त्याची निम्मी सुट्टी संपली असती, म्हणून आईने त्याला आग्रहाने आमच्याकडे बोलावलं होतं. मलकापूर सोडल्यावर रात्री अकराला बस बंद पडली, आणि त्यात त्याला हुडहुडी भरून ताप चढला.

ज्या काकांनी बंद केलेली टपरी पुन्हा उघडून आल्याचा चहा करून दिला आणि पैसे घेतले नाहीत, त्यांचे मनापासून आभार. मागच्या सीटवरच्या आजी, नातवासाठी घेतलेल्या कोऱ्या चादरीची घडी तुम्ही मोडलीत आणि त्याला पांघरलीत. परत द्यायला आलो तर म्हणालात, "असू दे रे बाळा."

आणि टेम्पोवाले दादा! तुम्ही आम्हाला घाट उतरवून साखरप्याला आणलंत, मध्यरात्री डॉक्टरांचं दार वाजवलंत, बाबा रत्नागिरीहून गाडी घेऊन येईपर्यंत शेजारी बसून राहिलात. घाईत तुमचं नावही विचारलं नाही, याची फार रुखरुख लागली आहे.

नरकचतुर्दशीला मित्र खडखडीत बरा होता. पहाटे उटणं लावून अंघोळ झाली, तुळशीपाशी त्याने डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं, मग माझ्या आजीच्या हातचे दडपे पोहे दोनदा मागून घेतले. दुपारी त्याने आपल्या आईला फोन लावला आणि तुम्हा तिघांबद्दलच बराच वेळ बोलत होता.

आजी, चादर धुऊन घडी करून ठेवली आहे. सांगाल तिथे घेऊन येतो.