पोवई नाक्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलास

बाळा,

तुझं नाव मला माहीत नाही, ही पहिली लाजेची गोष्ट. पन्नास पोरांच्या वर्गाची नावं पहिल्या आठवड्यात पाठ करणारी बाई मी, आणि तुझ्या दुकानात दोन तास बसून तुझं नाव विचारायचं राहून गेलं. परवा अर्धा किलो कंदी पेढे घेऊन आले तर काउंटरला दुसराच मुलगा. मालक म्हणाले तो दिवाळीनंतर सोडून गेला, पुण्याला लागलाय कुठेतरी. नंबर मागितला तर "बघून सांगतो" म्हणाले, म्हणजे काय ते आपल्याला कळतंच. म्हणून हे असं चारचौघांसमोर लिहितेय, सातारची माणसं पुण्यात काय कमी नाहीत, कोणीतरी तुला ओळखेल आणि वाचायला देईल.

तुला आठवावं म्हणून सांगते. गौरी-विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. निळी छत्री, कापडी पिशवी, आणि कासच्या फुलांची 64 पानांची पीडीएफ कलर प्रिंट करून द्या म्हणणाऱ्या काकू. पानाला 10 रुपये म्हणालास तू. मी पाकीट उघडलं. पीडीएफ फोनवरून तुला पाठवताना पिशवीतून तो टॅब डोकावला आणि तू म्हणालास, "काकू, एवढी मोठी स्क्रीन आहे की तुमच्याकडं, मग प्रिंट कशाला?"

640 रुपयांचं गिऱ्हाईक समोर उभं असताना असं विचारणारा दुकानातला मुलगा मी तरी पहिल्यांदाच बघितला. मालक चहाला गेले होते हे बरं झालं.

आता जे वाचतायत त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं. मी हायस्कूलला विज्ञान शिकवायचे, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत. तेव्हापासून फोनवर अर्धा तास वाचलं की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं (हा माझा अनुभव, डॉक्टर तसं काही म्हणालेले नाहीत, उगाच त्यांच्या तोंडी घालत नाही). मुलगा जर्मनीत असतो, तो गेल्या वर्षी दिवाळीला येताना हा रंगीत ई-इंकचा टॅब घेऊन आला. 10.3 इंची, कागदासारखा दिसतो, पेनने लिहिता येतं. आई, आता तू आणि तुझी फुलं, म्हणाला. आणि दहा दिवसांनी गेला परत.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मला तो अजिबात आवडला नाही. रंगीत म्हणून उघडला आणि बघते तर सगळं राखाडी, पांढरा म्हणजे रद्दीतल्या वर्तमानपत्राचा पांढरा, आणि रंग असे की दहा वर्षं धुवून उन्हात वाळवलेली साडी. वर आधीच्या पानाची भुतं. पान उलटलं तरी मागचं पुसट दिसतच राहायचं, फळा ओल्या फडक्याने न पुसता नुसतं डस्टर फिरवलं की आधीच्या तासाचं गणित दिसतं ना, तस्सं. मराठी पुस्तक उघडलं तर ल आणि श हिंदी वळणाचे, अक्षरं बारीक आणि फिकी.

मग सुरू झाली माझी वरात. मुलगा व्हिडिओ कॉलवर "आई सेटिंग्जमध्ये जा, आता वरती, नाही नाही वरती गं, जाऊ दे मी आल्यावर करतो". येणार पुढच्या दिवाळीला. मग इथल्याच एका मोठ्या मोबाईलच्या दुकानात गेले, तिथल्या मुलाने काही विचारायच्या आत टॅब माझ्या हातातून ओढून घेतला, चार ठिकाणी बोटं फिरवली आणि निदान केलं, "मावशी, डिस्प्ले गेलाय याचा." शेजारचा म्हणाला, "कलर सांगून ब्लॅक अँड व्हाईट दिलाय, फसवलं तुम्हाला." दोघं हसले. मला बस मिळेपर्यंत ते हसणं कानात होतं.

आणि मग भाचा. इंजिनिअर आहे, हुशार आहे, माझ्याच मांडीवर वाढलाय म्हणून हक्काने लिहिते, वाचलंस तर वाच. जूनमध्ये आला, "दे मावशी इकडे", घेतला हातातून, पाठ माझ्याकडे, टकटक टकटक, पाच मिनिटांत परत. "रिसेट मारलाय, आता एकदम फ्रेश." फ्रेशच होता. मार्च ते मे रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर जाऊन मी पेनने त्यावर नोंदी ठेवल्या होत्या, कुठला पळस कधी फुलला, पांगाऱ्यावर कोणते पक्षी आले, बहाव्याला पहिला घोस कधी लागला, आजूबाजूला चित्रं. सगळं गेलं. त्याला म्हटलं तर म्हणतो, "बॅकअप नव्हता घेतला?" मला बॅकअप शब्द माहीत आहे रे, पण विचारायचं आधी की नंतर? त्या दिवशी मी टॅब कपाटात साड्यांखाली ठेवला तो ठेवलाच. पिशवीत होता त्या दिवशी तो केवळ कॉलनीतल्या एकीला विकत हवा होता म्हणून.

तर तू विचारलंस प्रिंट कशाला, आणि मी नेहमीच्या सवयीने टॅब तुझ्यापुढे केला. घे बाबा, तूही कर टकटक.

तू घेतला नाहीस.

तू दोन्ही हात पाठीमागे बांधलेस, शाळेत प्रार्थनेला उभी राहतात ना पोरं तसा, आणि माझ्या बाजूला येऊन उभा राहिलास. म्हणालास, "तुमच्याच हातात ऱ्हाऊ दे काकू. मी सांगतो, तुम्ही दाबा."

एवढंच. बाकी कोणाला यात काय विशेष वाटेल मला माहीत नाही. पण आल्यापासून इतक्या महिन्यांत त्या वस्तूला माझ्या हातात असताना कोणी हात न लावणं हे पहिल्यांदा घडत होतं. माझी बोटं थरथरतात थोडी, चुकीचं दाबलं जायचं, भलतंच काहीतरी उघडायचं, तू तुझी बोटं पाठीमागे एकमेकांत अडकवून धरली होतीस. मला दिसत होतं की तुला ते दोन सेकंदांत करता आलं असतं आणि तुझे हात शिवशिवतायत. पण नाही काढलेस तू हात पुढे. मधे एक जण आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आला, त्याची काढून दिलीस, सुटे पैसे दिलेस, आणि परत येऊन परत हात मागे.

मी पस्तीस वर्षं शिकवलं. प्रयोगशाळेत पोरांना लिटमस नीट बुडवता येईना की मीच त्यांच्या हातातून परीक्षानळी घेऊन करून दाखवायचे, वेळ वाचायचा, पोर्शन संपायचा. त्या दुपारी मला ती पोरं आठवली एकेक करून. असो.

काय काय केलं ते सगळं इथे लिहीत बसत नाही, मी माझ्या वहीत माझ्या अक्षरात लिहून ठेवलंय, कारण तेही तू मला लिहू दिलंस, "थांबा थांबा" म्हटलं की थांबायचास. पण तीन गोष्टी सांगतेच. पानाच्या कडेचा मोकळा समास कापून टाकला की तेच पान केवढं मोठं होतं! गडद करायचा काटा पुढे ढकलला तर फिकी अक्षरं अशी उठून आली की मी चष्मा काढून पुसला. आणि तुझ्याकडच्या कॉम्प्युटरवरून मराठी वळणाचा फॉन्ट टाकून दिलास, पाकळीचा ल आणि देठाचा श असलेला, तेव्हा मला खरंच घरी आल्यासारखं वाटलं. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांना फॉन्टचा उपयोग नाही, ते नुसते फोटोच असतात पानांचे, हेही तूच सांगितलंस, उगाच मोठेपणा न करता.

भुतांचंही तूच विचारलंस ना, हे मागचं का दिसतं, आणि बंद केलं तरी चित्र जात का नाही? तेव्हा मात्र माझी पाळी होती आणि मी काय सोडते. पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या, त्यात पांढरे आणि काळे कण, दोघांवर विरुद्ध विद्युतभार, खालून जसं क्षेत्र द्यावं तसे पांढरे वर नाहीतर काळे वर, आणि एकदा वर आले की वीज काढून घेतली तरी तिथेच बसून राहतात, म्हणून चित्र टिकतं, म्हणून बॅटरी आठवडा आठवडा पुरते. काही कण आळशी, पूर्ण खाली जात नाहीत, त्याचं भूत. पूर्ण पान एकदा काळं-पांढरं करून घेतलं की सगळ्यांची कवायत होते आणि भूत जातं. तू काउंटरवर कोपर टेकून ऐकत होतास. चार वर्षांनी मी पहिल्यांदा शिकवत होते. हेही तुझ्या आभारात धर.

आणि मग म्हणालास, "काकू, जरा पायरीवर या." आत ट्यूबलाईटखाली जे मेलेलं दिसत होतं ते भाद्रपदातल्या त्या उन्हात धरलं आणि तेरडा गुलाबी झाला. सीतेची आसवं निळी-जांभळी झाली. मी तिथे पायरीवर उभी राहून "अगं बाई" म्हणाले असेन बहुतेक, रिक्षावाले बघत होते. फोन उन्हात आंधळा होतो आणि हा उन्हात जागा होतो, त्याच्या रंगांना स्वतःचा उजेड नाहीच, आपल्या चेहऱ्यासारखं आहे, बाहेरून पडेल तेवढंच. इतके महिने मी त्याला संध्याकाळी घरात दिवे लावून बघत होते आणि शिव्या घालत होते.

प्रिंटचं काय म्हणून मी पैसे पुढे केले तर तू फक्त सोनकीचं एक पान छापलंस, 10 रुपये घेतलेस, "पिवळा तेवढा यात बरा नाही येत, हे कागदावर ठेवा" म्हणालास. बाकी कशाचे पैसे घेतले नाहीस. 10 रुपये घेतलेस हे मला फार आवडलं. फुकट म्हणाला असतास तर मी परत यायला ओशाळले असते.

आता माझा दिवस कसा जातो ते ऐक. सकाळी साडेसातला गच्चीत ऊन येतं, तेव्हा रंगीत वाचन. बालभारतीच्या किशोर मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक नेटवर फुकट आहेत, ते मी एकेक करून वाचतेय, जुन्या अंकांचे रंग मुळातच जरा विटके, ते या पडद्यावर अगदी शोभतात, जणू त्यांच्यासाठीच केलाय. दुपारी नुसता मजकूर, काळं-पांढरं अगदी छापल्यासारखं धारदार. रात्री त्याच्या कडेला बसवलेल्या दिव्यांचा पिवळसर उजेड लावून अर्धा तास, कडेने पानावर पडतो तो, डोळ्यांत घुसत नाही. व्हिडिओ बघायला मात्र हा टॅब बेकार, नातीने कार्टून लावून बघितलं आणि "आजी हे तुटलंय" म्हणाली. सिनेमा बघायला घेणाऱ्याने घेऊ नये, तेवढ्या पैशात झकास चकचकीत टॅब येतो. पण मला सिनेमा बघायचाच नव्हता कधी.

कॉलनीतलीला विकला नाही, हे सांगायला नको.

सप्टेंबरच्या शेवटी कासला गेले, टॅब घेऊन. पीडीएफमधलं फूल आणि कातळावरचं फूल शेजारी शेजारी धरून बघितलं. पांढरे गेंद तर हुबेहूब. नोंदी परत सुरू केल्यात, आणि हो, बॅकअप घेते, दर रविवारी, माझ्या हाताने. भाचा दिवाळीत आला होता, "दाखव मावशी कसा चाललाय" म्हणून हात पुढे केला. मी टॅब छातीशी धरला आणि म्हटलं, हात मागे. हसला, पण बांधले बरं का त्याने हात.

पेढे मी मालकांकडे ठेवले नाहीत. ते तुला पोचले नसते याची मला खात्री आहे. घरी नातीने संपवले, तुझे नवे आणीन.

आणि एक राहिलं. निघताना तू विचारलं होतंस, "काकू, सगळे रंग जमतात मग सोनकीचा पिवळाच का मार खातो?" मला तेव्हा सांगता आलं नाही, मी म्हटलं बघून सांगते, आणि माझं "बघून सांगते" तुझ्या मालकांसारखं नसतं. तर ऐक. खाली तोच काळा-पांढरा पडदा आहे, त्यावर लाल, हिरव्या, निळ्या काचांसारख्या बारीक बारीक खिडक्यांची जाळी बसवलीये. म्हणून तर काळं-पांढरं इंचाला 300 ठिपक्यांचं असतं आणि रंगीत 150 चं. पिवळा दाखवायचा म्हणजे लाल आणि हिरव्या खिडकीमागे पांढरं आणायचं आणि निळीच्या मागे काळं. म्हणजे तिसरा हिस्सा जागा काळी, आणि उरलेल्या दोन काचाही अर्धामुर्धा उजेड गिळतात. जांभळ्या-निळ्याला हे चालून जातं, ते रंग मुळात गडदच. पिवळा बिचारा पांढऱ्याच्या खालोखाल उजळ, त्याच्यातलं उजळपण काढलं की राहतो मोहरीचा रंग. दुपारी बाराच्या उन्हात धरलं तर थोडा सुधारतो, मी करून बघितलंय. पण सोनकीसारखा नाही होत. तू छापून दिलेलं पान टॅबच्या कव्हरात आहे.

तुझी,
निळ्या छत्रीवाली काकू, सातारा