शेवळाबरोबर काकडं देणाऱ्या मावशीस

मावशी,

तुझ्या ठाकरवाडीत मी पहिल्यांदा आले तेव्हा शेवळाचं, पहिल्या पावसात उगवणाऱ्या या रानभाजीचं, शास्त्रीय नाव मला पाठ होतं: अमॉर्फोफॅलस कम्युटेटस. फुलोरा आधी येतो, पान मागाहून, हेही माहीत होतं. तू माझ्या हातातली जुडी पाहिलीस आणि विचारलंस, "आणि काकडं?"

माझ्या वहीत काकड नव्हतंच. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो, एवढं मी वाचलं होतं. त्याच दिवसांत त्याच रानात काकडाच्या झाडाला आंबट फळं धरतात, ती ठेचून भाजीत घातली की खाज मरते, म्हणून कर्जतच्या बाजारात तुम्ही बायका जुडीबरोबर मूठभर काकडं देता, हे मला तू शिकवलंस. शेवळाच्या आतला पिवळा भाग काढायचा, तेही तूच. मी कंदाला हात घातला तेव्हा किती जोरात ओरडलीस! "तो उकरलास तर पुढल्या साली काय खाशील?"

प्रबंधाच्या पहिल्या खर्ड्यात मी तुला 'माहितीदार क्र. 7' केलं होतं. शिकवणाऱ्या बाईला मी आकडा दिला, याची मला लाज वाटते. आता तुझ्या परवानगीने तिथे तुझं नाव आहे. वाडीच्या बैठकीत नको म्हणून ठरलेली दोन मुळ्यांची माहिती मी काढून टाकली. 2006 च्या वनहक्क कायद्याने अशा पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मानला आहे. तो कागदावरचा हक्क मला तुमच्या ओटीवर बसून कळला.

2002 च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगाव लोक जैवविविधता नोंदवह्या करतात. त्यात शेवळाची एक ओळ, काकडाची दुसरी. दोघांची गाठ कुठे लिहायची? आणि कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव भरतात ऑगस्टमध्ये. "तवर शेवळं कुठं राहत्यात?" हे तुझं वाक्य मी कृषी खात्याला पाठवलेल्या सूचनेत जसंच्या तसं घातलंय.

यंदा जूनमध्ये आमचे एमएस्सीचे विद्यार्थी तुझ्यामागून रान चढले. हजेरीपटावर शिक्षकाच्या रकान्यात तुझं नाव होतं, विभागाने मानधनही दिलं. हे फार आधी व्हायला हवं होतं.

मावशी, मनापासून आभार. येताना तू पदरातून बांधून दिलेली काकडं आईने सोडे घालून केलेल्या भाजीत ठेचून टाकली. कुणाचाच घसा खाजला नाही.

तुझी भाची