‘एंड टास्क’पूर्वी ‘टण्’ ऐका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

संगणक हँग झाला तर काय करावे, याची चौकट आपल्या गेल्या आठवड्याच्या पुरवणीत वाचली. पहिलाच उपाय दिला आहे, ‘टास्क मॅनेजर उघडून एंड टास्क करा’, म्हणजे अडलेला प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करा. नेमका हाच उपाय करत मी दीड महिना घालवला, म्हणून हे पत्र.

सांगलीच्या गावभागात एका सीएंच्या कचेरीत मी एकवीस वर्षे काम करते. क्लायंटचे सगळे मेल आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅमवर येतात. दोन वर्षांपूर्वी साहेबांनी त्याला एक ॲड-इन, म्हणजे जादा सोय देणारा छोटा जोड-प्रोग्रॅम, जोडून घेतले. मेल उघडायचा, वरच्या पट्टीतले बटण दाबायचे, एक छोटी खिडकी येते, तीत क्लायंटचे नाव निवडले की मेल त्याच्या फोल्डरमध्ये जमा. सोय चांगली, नाही म्हणत नाही.

जूनमध्ये ही छोटी खिडकी मधूनच येईनाशी झाली. बटण दाबले की आउटलुक जागच्या जागी बसायचे. कुठेही क्लिक करा, नुसता ‘टण्’ असा आवाज. मग मी करायची एंड टास्क. पुन्हा उघडले की आउटलुक सांगणार, डेटा फाइल नीट बंद झाली नव्हती, तपासणी चालू आहे. आमच्या फाइलीत कैक वर्षांचे मेल. ती तपासणी होईपर्यंत खालच्या टपरीवरचा चहा पिऊन यावे. एकदा हे नेमके 20 तारखेला झाले. थ्री-बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरायची शेवटची तारीख म्हणजे काय, हे ते काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

ॲड-इन विकणाऱ्यांना फोन केला. त्यांच्याकडच्या मुलाने रिमोटवर येऊन ते काढले, पुन्हा टाकले, चालवून दाखवले. असे तीनदा. तिसऱ्यांदा म्हणाला, “मॅडम, हा आउटलुकचाच प्रॉब्लेम आहे.”

आमच्याकडे आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, करणारी एक मुलगी आहे, तिला हे पटेना. कंट्रोलची कळ दाबून ठेवून तिने आउटलुकच्या चिन्हावर क्लिक केले. ‘सेफ मोडमध्ये उघडू का?’ असे आउटलुकने विचारले. त्या मोडमध्ये ॲड-इन चढतच नाहीत, आणि त्या दिवशी आउटलुक एकदाही अडले नाही. मग साध्या मोडमध्ये येऊन फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स, खाली कॉम ॲड-इन्ससमोरचे ‘गो’, असे करत तिने सगळ्या ॲड-इनपुढच्या खुणा काढल्या आणि एकेक परत लावत गेली. पीडीएफचे निर्दोष, अँटिव्हायरसचेही निर्दोष. अडले ते आमच्या लाडक्या बटणापाशीच. पण मग रोज का नाही अडत?

याचे उत्तर माझ्या आवक रजिस्टरात होते. सवयीने मी हँग झाल्याच्या वेळा समासात टिपत होते. सगळ्या नोंदी मंगळवारच्या, सकाळी दहा ते दुपारी दोनमधल्या. मंगळवारी आमच्या भागात देखभालीसाठी लाइट बंद असते!

माझ्या टेबलावर दोन स्क्रीन आहेत. समोरची इन्व्हर्टरवर, डावीकडची नाही. पुढच्या मंगळवारी ‘टण्’ वाजल्यावर त्या मुलीने उघड्या खिडक्यांची रांग दाखवणाऱ्या ऑल्ट-टॅब या कळा दाबल्या, तर रांगेत ती छोटी खिडकी दिसली, अगदी धडधाकट. ती निवडून ऑल्ट आणि स्पेसबार, मग एम, मग बाणाची एक कळ, आणि माउस हलवला. डावीकडच्या काळ्या स्क्रीनमधून खिडकी सरकत माझ्यासमोर आली. ‘क्लायंटचे नाव निवडा.’ डावीकडची स्क्रीन विझली होती, पण तिची केबल लागलेली असल्यामुळे संगणकाच्या लेखी ती चालूच होती. खिडकी मागच्या वेळी मी जिथे सोडली तिथेच, म्हणजे अंधारात, उघडत होती. विकणाऱ्यांच्या मुलाला हे कधी दिसलेच नाही, कारण आम्ही त्याला फोन करायचो तो लाइट आल्यावर.

‘टण्’चा अर्थ हा. कुठेतरी एक खिडकी उत्तरासाठी थांबली आहे आणि तोवर मोठ्या खिडकीला कुलूप आहे. आवाज येत नाही, पडदा पांढुरका होतो आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसते, ते दुखणे निराळे. प्रोग्रॅमने 5 सेकंद दाद दिली नाही की विंडोज ही पाटी लावते. आमची क्लायंटची यादी साहेबांच्या खोलीतल्या सर्व्हरवरून येते. तो बंद असला की असेच होते. आमचे ॲड-इन जुन्या, म्हणजे ‘कॉम’ पद्धतीचे, ते आउटलुकच्या पोटातच चालते. काउंटरवरचा एकुलता कारकून फाइल आणायला आत गेला की बाहेरची सगळी रांग थांबावी, तसे. तेव्हा आधी सर्व्हर बघावा, दोन मिनिटे थांबावे.

इलेक्ट्रिशियनने डावीकडचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला आणि आमचे दुखणे गेले. पण माझी तक्रार ॲड-इन विकणाऱ्यांबद्दल आहेच. प्रश्न विचारणारी खिडकी मोठ्या खिडकीला बांधलेली असावी आणि तिच्यावरच उघडावी, एवढे साधे काम त्यांनी केलेले नाही. हे कळवले तर उत्तर आले, नवे आउटलुक जुन्या पद्धतीचे ॲड-इन घेत नाही, तुम्ही आमची नवी आवृत्तीच घ्या. पहिले वाक्य खरे आहे, मी खात्री करून घेतली. नव्या आवृत्तीत खिडकी कुठे उघडते, असे उलट विचारले आहे. उत्तर नाही, कोटेशन मात्र आले.

आपल्या चौकटीत पुढच्या वेळी आधी ऑल्ट-टॅब, मग सेफ मोड असे छापावे आणि एंड टास्क सर्वांत शेवटी न्यावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, गावभाग, सांगली