राज्यशास्त्र आणि लिंगभाव अभ्यास यांची गाठ घालून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सविनय नमस्कार.

माझा एम. ए.चा लघुप्रबंध विद्यापीठात सादर झाला, मौखिक परीक्षाही पार पडली, आणि या कामात कोणाचे किती ऋण आहे हे निवांतपणे लिहिण्याची सवड आता मिळाली आहे. प्रबंधाच्या आरंभी ऋणनिर्देशाचे एक पान असते. त्यात मार्गदर्शक, ग्रंथपाल आणि घरची माणसे यांची नावे येतात आणि ती यायलाच हवीत. परंतु ज्या माजी नगरसेविकेने एका अनोळखी विद्यार्थिनीला आपल्या कार्यालयात बसू दिले, जुन्या नोंदवह्या पाहू दिल्या आणि प्रत्येक प्रश्नाला वेळ दिला, तिचे ऋण त्या पानावरच्या दोन ओळींत मावत नाही. आपले नाव आणि प्रभाग क्रमांक कोठेही येऊ नये ही आपली इच्छा मी येथेही पाळते आहे. तरीही हे पत्र सर्वांसाठी खुले ठेवले आहे, कारण राज्यशास्त्र आणि लिंगभाव अभ्यास (जेंडर स्टडीज) हे दोन विषय एकत्र घ्यावेत की नाही, या विचारात असलेल्या मुलामुलींनी आपल्याकडून मी काय शिकले हे वाचावे, असे मला मनापासून वाटते.

हे दोन विषय सोबत निवडले तेव्हा नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला होता. राज्यशास्त्र स्पर्धा परीक्षांना उपयोगी पडते, पण दुसऱ्या विषयाचे पुढे काय करणार? मुंबईत तरी या प्रश्नाला मोठा इतिहास हेच उत्तर आहे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांनी १९७४ साली स्त्री अभ्यासाचे संशोधन केंद्र उभे केले, आणि स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद १९८१ साली याच विद्यापीठात भरली. म्हणजे या विषयाची भारतातील पायाभरणी ज्या शहरांत झाली, त्यांत आपले शहर अग्रभागी आहे. हे ठाऊक असूनही माझ्या वह्यांमध्ये मात्र दोन्ही विषय बराच काळ वेगवेगळेच राहिले. एका वर्गात मी ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती शिकत होते. १९९३ मध्ये त्या अमलात आल्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण पन्नास टक्क्यांवर नेले आणि त्यामुळे मुंबई महापालिकेच्या २२७ प्रभागांपैकी निम्मे स्त्रियांसाठी राखीव झाले. दुसऱ्या वर्गात घरातील बिनपगारी श्रम, देहावरचा हक्क, जात आणि लिंगभाव यांचे नाते हे विषय चालत. दोन्ही ठिकाणी सत्तेबद्दलच बोलले जात होते, पण सत्तेच्या या दोन वर्णनांचा सांधा नेमका कोठे आहे, ते मला आपल्या कार्यालयात दिसले.

त्या कार्यालयाचे वर्णन मी प्रबंधात मुद्दाम सविस्तर केले आहे. घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत, पायऱ्यांच्या तोंडाशी असलेली ती एवढीशी खोली, भिंतीला लागून बाक, टेबलावर जाड पुठ्ठ्याची तक्रार वही. येणारा माणूस उंबऱ्यावरूनच विचारी, “साहेब आहेत का?” साहेब म्हणजे आपले यजमान, हे सर्वांनी गृहीत धरलेले असे. आपण कधी रागावला नाहीत. वही त्या माणसापुढे सरकवत आपण म्हणायचात, “नगरसेविका मी होते. लिहा, काय अडचण आहे ते.” निवडून आलेल्या स्त्रीच्या नावाने तिचा नवरा कारभार करतो, या विषयावर मी पुष्कळ वाचले होते. परंतु तो कारभार रोज, प्रत्येक माणसागणिक, न भांडता आपल्या हाती कसा ठेवावा लागतो आणि त्याला किती चिकाटी लागते, हे कोणत्याही लेखात मला सापडले नव्हते.

त्या वहीतच माझ्या प्रबंधाचे बीज आहे. नाव, चाळ, तक्रार आणि तारीख या नेहमीच्या रकान्यांशेजारी आपण पेनाने रेघ मारून आणखी एक रकाना आखला होता: “त्रास कोणाला”. पाण्याची तक्रार घरातल्या पुरुषाच्या नावावर असली, तरी या रकान्यात सून, मुलगी, म्हातारी सासू अशा नोंदी होत्या. शौचालयाचा दिवा गेल्याची तक्रार मंडळाच्या अध्यक्षाने दिली होती आणि शेजारी आपल्या अक्षरात लिहिले होते, “रात्रपाळीहून येणाऱ्या बायका”. केंद्र सरकार २००५-०६ पासून अर्थसंकल्पासोबत लिंगभाव अर्थसंकल्पाचे, म्हणजे स्त्रियांसाठी किती तरतूद आहे हे दाखवणारे, विवरणपत्र मांडत आले आहे आणि त्याच्या पद्धतीवर आम्हाला वर्गात शिकवले जाते. कोणाच्या वाट्याला काय येते, या ज्या प्रश्नापासून ते सुरू होते, तोच प्रश्न आपण कोणी न सांगता एका तक्रार वहीत आखून ठेवला होता. ताई, ही विद्वत्ताच आहे, आणि प्रबंधात मी तिचा उल्लेख त्याच मानाने केला आहे.

पाण्याच्या वेळेच्या अर्जाबद्दल तर मी आपली जन्मभर ऋणी राहीन. वरच्या गल्लीत पाणी पहाटे चारच्या सुमारास येत असे. खालच्या वाहिन्या बंद झाल्याशिवाय चढावर दाब मिळत नाही, आणि पाण्याच्या झडपा उघडबंद करणारा चावीवाला ज्या क्रमाने चाव्या फिरवतो त्या क्रमात वरच्या गल्लीची पाळी त्या वेळी येते, हे आपण मला आधी समजावून दिलेत. पाण्यासाठी उठणाऱ्या जवळजवळ सर्व स्त्रियाच होत्या. त्यांपैकी कित्येकींना पाणी भरून झाल्यावर घरकामाला जायचे असे आणि मुलींची झोप शाळेच्या दिवशीही मोडत असे. हे सारे ऐकून मी फार संतापले होते. आपण म्हणालात, “संताप रास्त आहे, बाळ. आता तो कोणत्या खात्याकडे, कोणत्या कलमाखाली मांडायचा ते ठरव.” मग आपण मला मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ उघडायला लावलात. पालिकेची बंधनकारक कर्तव्ये कलम ६१ मध्ये आहेत आणि पाणीपुरवठा व सार्वजनिक शौचालये त्यांत येतात, हे वाचायला लावलेत. अर्जाचे एकेक वाक्य आपण माझ्याकडून लिहून घेतलेत: कोणत्या गल्लीत, किती घरांत, कोण उठते, उठल्यानंतर कोणत्या कामाला जाते, आणि चाव्यांचा क्रम बदलल्यास खालच्या वस्तीचे काही नुकसान होईल का. एका गल्लीची वेळ सकाळी सहानंतर आली. त्याहून वरच्या टप्प्याचे काम उदंचन केंद्राच्या (पंपिंग स्टेशनच्या) क्षमतेपाशी अडले आणि ते अजून अडलेलेच आहे. या अर्जावर बसून मी जेवढे राज्यशास्त्र शिकले, तेवढे कोणत्याही एका पाठ्यक्रमात शिकलेले नाही. पहाटेच्या त्या श्रमांना श्रम म्हणून ओळखणे मला लिंगभाव अभ्यासाने शिकवले. ते श्रम कोणाच्या निर्णयामुळे वाट्याला येतात, तो निर्णय कोणत्या टेबलावर होतो आणि कोणत्या नियमाच्या आधारे बदलता येतो, हे राज्यशास्त्राने सांगितले. यांपैकी एक विषय वगळला असता, तर त्या अर्जाचा अर्धा भाग कोराच राहिला असता.

पाणी हा मुंबईत फार जुना राजकीय विषय आहे, याची आठवणही आपणच करून दिलीत. गोरेगावच्या मृणाल गोरे १९६१ मध्ये महापालिकेत निवडून गेल्या आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखले. १९७२च्या महागाईविरुद्ध त्यांनी आणि अहिल्या रांगणेकर यांनी लाटणे मोर्चे काढले. पुढे १९७७ मध्ये दोघी मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या. आपल्या आई त्या मोर्चांत होत्या आणि घरी येऊन त्यांनी आधी उरलेला स्वयंपाक उरकला, हे आपण सांगितलेत. त्या मोर्चांनी स्वयंपाकघरातला प्रश्न रस्त्यावर आणला, पण स्वयंपाकघरातल्या कामाची वाटणी तशीच राहिली, ही आपली टिप्पणी मी आपल्या परवानगीने चौथ्या प्रकरणात उद्धृत केली आहे. परीक्षकांनी मौखिक परीक्षेत सर्वाधिक प्रश्न तिच्यावरच विचारले.

आरक्षणाबद्दल आपण जे बोललात, त्यामुळे माझा सिद्धान्ताचा भाग नव्याने उभा राहिला. संविधान सभेत सदस्य हंसा मेहता यांनी १९४६च्या डिसेंबरमध्ये स्पष्ट सांगितले होते की त्यांच्या महिला संघटनेने राखीव जागा कधीच मागितल्या नाहीत, मागितला तो सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय. भारतीय स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीच्या १९७४च्या अहवालातही बहुमत कायदेमंडळातील राखीव जागांच्या विरोधात होते, आणि समितीतील वीणा मजुमदार व लोतिका सरकार यांनी आपले भिन्न मत नोंदवले. हे मी आपल्याला वाचून दाखवले तेव्हा आपण बराच वेळ विचार केलात आणि म्हणालात की हंसाबाईंच्या म्हणण्याचा मान राखूनही, कोणता प्रभाग राखीव हे ठरवणाऱ्या सोडतीत आपला प्रभाग महिलांसाठी निघाला नसता तर आपल्याला उमेदवारी कोणी विचारलीही नसती. पुढच्या सोडतीत प्रभागाचे आरक्षण बदलले आणि उमेदवारी दुसऱ्याला गेली, तेव्हाही कोणी विचारले नाही. कामाची ओळख होते न होते तोच आरक्षणाचा फेरा पुढे सरकतो, मतदारांपुढे आपल्या कामाचा हिशेब ठेवायला त्या स्त्रीला जागाच उरत नाही, आणि यातून पक्षांना दर वेळी नवी, अननुभवी उमेदवार शोधण्याची सोय होते. शहरी संस्थांत एक प्रभाग किमान सलग दोन मुदतींसाठी राखीव असावा, ही माझ्या प्रबंधातील शिफारस आपल्या अनुभवातून आली आहे आणि मी तिच्यावर ठाम आहे. २०२३च्या १०६व्या घटनादुरुस्तीने लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा राखीव ठेवताना त्या जागांचा फेरा प्रत्येक मतदारसंघ पुनर्रचनेनंतर बदलेल असे ठरवले आहे. २०२४ मध्ये ५४३ जणांच्या लोकसभेत ७४ स्त्रिया निवडून आल्या असताना ही तरतूद मोलाची आहेच, पण फेऱ्याचा परिणाम काय होतो हे जाणून घ्यायचे असेल, तर महापालिकांतल्या माजी नगरसेविकांना विचारले पाहिजे.

आणखी एका बाबतीत आपण माझी समजूत अधिक नेमकी केलीत. सभागृहात स्त्रियांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की धोरण बदलू लागते, असा एक सिद्धान्त आम्ही शिकतो. आपण विचारलेत, “संख्या कोणत्या समितीत?” पैशांचे निर्णय स्थायी समितीत होतात, जमिनीचे सुधार समितीत, आणि स्त्रियांची नावे सुचवताना पक्षांना आधी आठवते ती महिला व बालकल्याण समिती. त्यावर पक्षादेश (व्हिप) असतोच. निम्मे सभागृह स्त्रियांचे झाल्यावरही स्त्रियांच्या मुताऱ्यांसाठी मुंबईतील कार्यकर्त्यांना २०११ मध्ये सुरू केलेली ‘राइट टू पी’ ही मोहीम चालवतच राहावी लागली. पुरुषांना लघवीसाठी पैसे पडत नाहीत आणि स्त्रियांकडून घेतले जातात, एवढी साधी गोष्ट कामकाजात आणायला रस्त्यावरून रेटा द्यावा लागला. माझ्या तक्त्यांमध्ये म्हणूनच निवडून आलेल्या स्त्रियांसोबत त्यांच्या समित्याही आल्या.

मुलाखतींच्या वेळी आपण दिलेला सल्ला थोडक्यात सांगते, कारण तो इतर विद्यार्थ्यांना थेट उपयोगी पडेल. घरी जाऊन प्रश्न विचारले तर दिवाणखान्यात नवरा उत्तर देतो आणि बाई मान डोलावते. त्याच बाईला नळावर रांगेत असताना विचारा, ती पालिकेचा अख्खा कारभार उलगडून सांगेल. मी तसेच केले.

ताई, प्रबंध इंग्रजीत असल्याने आपल्याला तो सलग वाचता येणार नाही, ही खंत मला होती. म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या प्रकरणाचे मराठी रूप मी तयार केले आहे आणि त्याची बांधलेली प्रत या आठवड्यात आपल्या कार्यालयात आणून देते. एक प्रत खालच्या गल्लीतल्या अभ्यासिकेत ठेवावी, असे आपण सुचवले होते, तीही सोबत आणेन. वहीतील ज्या नोंदी उद्धृत केल्या आहेत, त्यांतील नावे मी काढली आहेत, तरी चाळीच्या वर्णनावरून कोणी ओळखू येत असेल तर कृपया तेथे खूण करून ठेवावी. आमच्या विभागातील पुढच्या तुकडीत दोन्ही विषय घेतलेल्या काही मुली आणि एक मुलगा आहे. अधिनियम कसा वाचावा हे आपण एकदा वर्गात येऊन त्यांना शिकवावे, अशी विनंती विभागाने माझ्यामार्फत केली आहे. आपल्या सोयीचा वार कळवावा. आपल्याला न्यायला मी स्वतः येईन.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
मुंबई